ड्रायव्हर ‘जुना’ झाला म्हणजे नेमकं काय झालं? घरच्या कॉम्प्युटरचे ड्रायव्हर कधी बदलायचे आणि कुठून घ्यायचे

स्मार्टफोन वापरून तुम्हाला पाच-सात वर्षं तरी झाली असतील. एवढ्या काळात फोनने कधी विचारलंय का, की कॅमेऱ्याचा ड्रायव्हर टाकायचा का, स्पीकरचा ड्रायव्हर बदलायचा का? नाही ना. पण घरात कॉम्प्युटर आला की आठवडाभरात हा शब्द कानावर पडतोच. आवाज येत नाही? ड्रायव्हर गेला असेल. प्रिंट निघत नाही? ड्रायव्हर टाकावा लागेल. दुकानात नेला तर दुकानदारही तेच सांगतो आणि तीनशे-चारशे रुपये घेतो.

मग नेटवर शोधायला गेलं की अजून घोळ होतो. ‘तुमचे सगळे ड्रायव्हर एका क्लिकमध्ये अपडेट करा’ असं सांगणारे पन्नास प्रोग्राम समोर येतात. त्यातले बरेचसे तुम्हाला आधी घाबरवतात आणि मग पैसे मागतात. मी सॉफ्टवेअर इंजिनिअर असल्यामुळे नात्यातल्या सगळ्यांचे कॉम्प्युटर माझ्याच गळ्यात असतात, त्यामुळे हे प्रकरण मी बऱ्याच घरांत पाहिलंय. एका घरातलं सविस्तर सांगतो, कारण ड्रायव्हर अपडेटबद्दल जे कळायला हवं ते बहुतेक सगळं त्यात आलंय. पण आधी ड्रायव्हर म्हणजे काय, ते थोडक्यात.

दुभाष्या

ड्रायव्हर म्हणजे दुभाष्या. तुम्ही गाणं लावता तेव्हा विंडोज फक्त एवढंच म्हणते की ‘हा आवाज वाजव’. पण मदरबोर्डवरची आवाजाची चिप रिअलटेकची असेल तर तिला एका पद्धतीने सांगावं लागतं, दुसऱ्या कंपनीची असेल तर दुसऱ्या पद्धतीने. जगातली प्रत्येक चिप कशी चालते हे विंडोजला ठाऊक असणं शक्य नाही. म्हणून चिप बनवणारी कंपनीच एक छोटा प्रोग्राम लिहून देते. विंडोज त्याला आपल्या भाषेत सांगते आणि तो चिपला चिपच्या भाषेत सांगतो.

फोनमध्येही ड्रायव्हर असतातच. फरक इतकाच, की फोन बनवणाऱ्या कंपनीला आत कोणता कॅमेरा, कोणती चिप, कोणता डिस्प्ले बसवलाय हे आधीच माहीत असतं. त्या सगळ्यांचे ड्रायव्हर ती सिस्टिममध्येच भरून देते आणि सिस्टिम अपडेटबरोबर तेही बदलतात. कॉम्प्युटरचं तसं नाही. मदरबोर्ड एकाचा, ग्राफिक्स कार्ड दुसऱ्याचं, वायफायचा डोंगल ऑनलाइन मागवलेला, प्रिंटर मामाच्या ऑफिसातून आलेला. या सगळ्या वरातीला एकत्र नांदवायचं तर प्रत्येकाचा दुभाष्या वेगळा लागतो.

तरी माऊस, कीबोर्ड, पेन ड्राइव्ह लावला की काही न टाकता चालतो, हे तुम्ही पाहिलं असेल. या वस्तूंनी विंडोजशी कसं बोलायचं याचे नियम सगळ्या कंपन्यांनी मिळून ठरवलेत. त्यामुळे विंडोजमधला एकच सर्वसाधारण ड्रायव्हर कुठल्याही कंपनीच्या माऊसला चालतो.

देऊळघाटचा कॉम्प्युटर आणि १९ लाल फुल्या

बुलढाणा तालुक्यात देऊळघाट नावाचं मोठं गाव आहे. तिथे माझी मावशी राहते. तिच्या घरी डेलचा ऑप्टिप्लेक्स आहे, म्हणजे पुण्या-मुंबईच्या ऑफिसांमध्ये चार-पाच वर्षं वापरून नंतर विक्रीला निघतात तसला सेकंडहँड डेस्कटॉप. अशा कॉम्प्युटरला मी नावं ठेवणार नाही. मशीन दणकट असतं आणि नव्याच्या निम्म्याहून कमी पैशात मिळतं. विद्यार्थ्यांसाठी मी स्वतः तेच घ्यायला सांगतो.

मावसभाऊ बारावीला होता. सीईटीचा फॉर्म भरायचे दिवस होते. एका संध्याकाळी त्याचा फोन आला. “दादा, कॉम्प्युटर म्हणून राह्यला का १९ ड्रायव्हर जुने झाले. पैसे भरू का?”

झालं असं होतं, की कॉम्प्युटरमधून आवाज येणं बंद झालं. त्याने गुगलवर ऑडिओ ड्रायव्हर शोधला आणि जे सगळ्यात वर आलं ते उघडलं. सगळ्यात वरचा तो निकाल जाहिरात होती. वर बारीक अक्षरात ‘स्पॉन्सर्ड’ लिहिलेलं असतं, पण घाईत ते कोण वाचतं? त्यातून एक प्रोग्राम उतरला. त्याने मिनिटभर ‘स्कॅन’ केलं आणि लाल फुल्यांची यादी दाखवली. १९ ड्रायव्हर जुने, त्यातले कित्येक ‘अतिशय जुने’, कॉम्प्युटर केव्हाही बंद पडू शकतो. दुरुस्तीसाठी दीडेक हजार रुपये. फॉर्म याच कॉम्प्युटरवर अर्धा भरून ठेवला होता, त्यामुळे पोरगा घाबरला आणि मावशीचा फोन घेऊन यूपीआयचा पिन टाकायच्या तयारीत होता.

मी त्याला म्हटलं, पैसे राहू दे, आधी व्हिडिओ कॉल लाव. मग स्टार्ट बटणावर राइट क्लिक करून ‘डिव्हाइस मॅनेजर’ उघडायला लावला. कॉम्प्युटरमध्ये जे जे भाग आहेत त्यांची ही विंडोजची स्वतःची यादी. ज्याचा ड्रायव्हर नाही किंवा बिघडलाय त्यावर पिवळा त्रिकोण दिसतो. मावशीच्या कॉम्प्युटरवर असे त्रिकोण किती होते? एकही नाही.

मग ‘जुने’ कोणते? त्याला त्या लाल यादीतल्या चार-पाच गोष्टींच्या तारखा वाचून दाखवायला सांगितल्या. एकापाठोपाठ एक तो वाचत गेला: २१ जून २००६, २१ जून २००६, परत २१ जून २००६. आणि दोन-तीन ठिकाणी १८ जुलै १९६८! “दादा, ६८ साली तं बाबाबी जन्मले नव्हते,” तो म्हणाला.

२००६ आणि १९६८ची गंमत

या तारखा पाहून कुणीही घाबरेल. पण त्या मुद्दाम तशा टाकलेल्या आहेत, आणि हे एकदा कळलं की ड्रायव्हर अपडेट करून देणाऱ्या निम्म्या प्रोग्रामचं बिंग फुटतं.

एका भागासाठी दोन ड्रायव्हर हाताशी असले तर विंडोज कोणता निवडते? आधी पाहते की ड्रायव्हरवर योग्य डिजिटल सही आहे का, आणि तो नेमक्या याच भागासाठी लिहिलाय की फक्त त्या प्रकारच्या भागांसाठी. यात दोघं सारखेच ठरले तर मग तारीख पाहते, ज्याची तारीख नंतरची तो जिंकतो. तारीखही सारखी असली तर व्हर्जनचा नंबर.

आता मायक्रोसॉफ्टची अडचण बघा. विंडोजबरोबर तिचे स्वतःचे शेकडो ड्रायव्हर येतात आणि ते दर अपडेटला सुधारतात. त्यांच्यावर खरी, ताजी तारीख टाकली तर काय होईल? तुमच्या लॅपटॉप कंपनीने खास तुमच्या मॉडेलसाठी दिलेला ड्रायव्हर दोन वर्षांपूर्वीचा आहे म्हणून हरेल आणि विंडोजचा सर्वसाधारण ड्रायव्हर त्याच्या जागी बसेल. तसं होऊ नये म्हणून मायक्रोसॉफ्ट आपल्या या ड्रायव्हरांवर २१ जून २००६ हीच तारीख ठेवते. आतला प्रोग्राम गेल्या महिन्यात बदललेला असला तरी तारीख तीच. बदल पाहायचा असेल तर व्हर्जन नंबरकडे बघायचं.

इंटेलनेही हेच केलंय, फक्त जरा मजेत. १८ जुलै १९६८ हा इंटेल कंपनीचा स्थापना दिवस. चिपसेटच्या ज्या फाइल्सवर ही तारीख असते त्यांत बहुधा चालणारा प्रोग्रामच नसतो. विंडोजला त्या भागाचं नाव काय ते सांगणं, एवढंच त्यांचं काम. दुसरा कुठलाही खरा ड्रायव्हर आला तर त्याने सहज जिंकावं म्हणून तारीख इतकी मागे.

घाबरवणारे प्रोग्राम नेमकं हेच वापरतात. तारीख वाचतात, आजच्या तारखेतून वजा करतात आणि लाल फुली मारतात. मावशीच्या कॉम्प्युटरवरच्या १९ मधल्या बहुतेक फुल्या अशाच होत्या. उरलेल्या दोन-तीन भागांचे नवे ड्रायव्हर कंपनीच्या साइटवर खरंच होते, पण ते भाग व्यवस्थित चालत होते.

आणि ज्याच्यासाठी हे सगळं झालं त्या आवाजाचं काय? घड्याळाशेजारच्या स्पीकरच्या चिन्हावर क्लिक करून बघितलं, तर आवाज मॉनिटरकडे जात होता. आदल्या दिवशी त्याने मॉनिटरची केबल काढून दुसरी लावली होती. त्या केबलमधून चित्राबरोबर आवाजही जातो, म्हणून विंडोजने परस्पर मॉनिटरलाच स्पीकर मानलं. त्या मॉनिटरला स्पीकरच नाहीत. यादीतून जुने स्पीकर निवडले, आवाज आला. ड्रायव्हरचा संबंधच नव्हता.

नंतर सेटिंग्जमधल्या ॲप्समध्ये जाऊन तो प्रोग्राम काढला. त्याच दिवशी त्याच्याबरोबर न सांगता आलेली अजून दोन ॲप्सही तिथे सापडली, तीही काढली आणि विंडोज डिफेंडरचं पूर्ण स्कॅन लावलं. असे घाबरवून पैसे काढणारे प्रोग्राम डिफेंडरने नको असलेलं सॉफ्टवेअर म्हणून पकडावेत, असा नियम मायक्रोसॉफ्टने २०१८ मध्ये केला. तरी रोज नवीन नावाने नवीन येतात. तुमच्यापैकी कुणी अशा ठिकाणी पैसे भरून बसलं असेल आणि खात्यातून भलतीच रक्कम गेली असेल, तर १९३० या सायबर हेल्पलाइनला लगेच फोन करा आणि बँकेलाही कळवा. उशीर केला तर पैसे परत मिळण्याची शक्यता कमी होत जाते.

मग अपडेट करायचेच नाहीत का?

करायचे, पण कारण असेल तर. आणि कारणं मोजकीच आहेत.

पहिलं कारण उघड आहे: एखादा भाग चालतच नाही. डिव्हाइस मॅनेजरमध्ये त्यावर पिवळा त्रिकोण आहे. त्याच्यावर डबल क्लिक केलं की कोड दिसतो. कोड २८ म्हणजे ड्रायव्हर टाकलेलाच नाही. कोड १० म्हणजे भाग सुरू होऊ शकत नाही. कोड ४३ म्हणजे त्या भागाने स्वतःच काहीतरी बिघडल्याचं कळवलंय, आणि यात बऱ्याचदा केबल किंवा तो भागच खराब निघतो. विंडोज नव्याने टाकल्यावर स्क्रीनवर सगळं मोठं मोठं, ओबडधोबड दिसत असेल आणि यादीत ‘मायक्रोसॉफ्ट बेसिक डिस्प्ले अडॅप्टर’ लिहिलेलं असेल, तर ग्राफिक्सचा खरा ड्रायव्हर अजून यायचाय.

दुसरं कारण गेमिंग. नवा गेम आला की एनव्हिडिया आणि एएमडी त्यासाठी सुधारलेला ड्रायव्हर काढतात, आणि कधी कधी फरक खरंच जाणवतो. ग्राफिक्स हा एकच प्रकार असा आहे जिथे दोन-तीन महिन्यांनी बघायला हरकत नाही. पण डाउनलोड सहज अर्ध्या जीबीच्या वर जातं. दिवसाला दीड जीबीच्या पॅकवर हॉटस्पॉट लावून बसला असाल तर आधी विचार करा.

तिसरं कारण सुरक्षा, आणि हे मला सगळ्यात महत्त्वाचं वाटतं. साधं ॲप बिघडलं तर फक्त ते ॲप बंद पडतं. ड्रायव्हरांपैकी बरेचसे मात्र विंडोजच्या गाभ्यात, म्हणजे कर्नलमध्ये चालतात. तिथे कुंपण नसतं. तिथे चूक झाली तर सगळा कॉम्प्युटर निळा पडतो, आणि तिथे चोर शिरला तर त्याला सगळ्या घराच्या किल्ल्या मिळतात. १९ जुलै २०२४ आठवतोय? क्राउडस्ट्राइक या सुरक्षा कंपनीच्या ड्रायव्हरने वाचायची एक सदोष फाइल अपडेटमधून गेली आणि मायक्रोसॉफ्टच्या अंदाजाने जगभरात ८५ लाख कॉम्प्युटर बंद पडले. आपल्याकडे विमानतळांवर त्या दिवशी हाताने लिहिलेले बोर्डिंग पास दिले गेले. ड्रायव्हरमधली एक चूक किती लांब जाते, ते त्या दिवशी दिसलं.

दुसरं उदाहरण गेम खेळणाऱ्यांच्या ओळखीचं आहे. ‘गेन्शिन इम्पॅक्ट’ या गेममध्ये चीटिंग रोखण्यासाठी एक ड्रायव्हर होता. त्यात एक कमजोरी होती. २०२२ मध्ये ट्रेंड मायक्रोच्या संशोधकांनी दाखवून दिलं की रॅन्समवेअर पसरवणारे तोच ड्रायव्हर आपल्याबरोबर घेऊन येतात. ज्या कॉम्प्युटरवर हा गेम कधी टाकलाच नाही तिथेही ते तो बसवतात. त्याच्यावर खरी सही असल्यामुळे विंडोज त्याला आत घेते, आणि मग त्याच्या आडून अँटीव्हायरस बंद पाडला जातो. म्हणून अशा कमजोर ड्रायव्हरांची एक काळी यादी विंडोजमध्ये असते. विंडोज ११ मध्ये २०२२च्या मोठ्या अपडेटपासून ती आपोआप चालू असते. ही यादी ताजी ठेवायला तुम्हाला वेगळं काही करावं लागत नाही, नेहमीचे विंडोज अपडेट बंद ठेवले नाहीत म्हणजे झालं. ‘नेट जास्त खातं’ म्हणून दुकानदाराने अपडेट बंद करून दिलेले कॉम्प्युटर मी डझनभर पाहिलेत. ते आधी चालू करा. बाकी सगळं त्यानंतर.

या तिघांपैकी काहीच नसेल, सगळं चालतंय, तर हात लावू नका. हे माझं एकट्याचं मत नाही. विंडोजच्या ऑप्शनल ड्रायव्हरांच्या यादीवर मायक्रोसॉफ्टनेच अशा अर्थाचं लिहून ठेवलंय, की काही विशिष्ट अडचण असेल तर यातला एखादा उपयोगी पडेल, नाहीतर आपोआप येणारे अपडेट पुरेसे आहेत. नवा ड्रायव्हर आधीचं चांगलं चाललेलं बिघडवूही शकतो. २०१४ मध्ये एफटीडीआय कंपनीचा नवा ड्रायव्हर विंडोज अपडेटमधून आला आणि त्या कंपनीच्या नकली चिप असलेल्या केबल्स, सर्किट बोर्ड अचानक ओळखूच येईनात. ड्रायव्हरने नकली चिपचा ओळख क्रमांकच शून्य करून टाकला होता. बोंबाबोंब झाल्यावर तो मागे घेतला. इंजिनिअरिंगची जी मुलं स्वस्तातले आर्डुइनो घेतात त्यांनी हे लक्षात ठेवलेलं बरं.

कुठून घ्यायचा

पहिली जागा विंडोज अपडेट. सेटिंग्ज, मग विंडोज अपडेट, मग ॲडव्हान्स्ड ऑप्शन्स, मग ऑप्शनल अपडेट्स. विंडोज १० मध्ये ‘व्ह्यू ऑप्शनल अपडेट्स’ विंडोज अपडेटच्या पानावरच दिसतं. तिथे अडलेल्या भागाचा ड्रायव्हर असेल तर तेवढाच निवडा. सगळ्यांवर टिक करायची गरज नाही.

दुसरी जागा कॉम्प्युटर बनवणाऱ्या कंपनीची साइट. डेलच्या कॉम्प्युटरवर मागे किंवा खाली स्टिकर असतो, त्यावर सात अक्षर-आकड्यांचा सर्व्हिस टॅग असतो. एचपी आणि लेनोवोला सिरियल नंबर. तो कंपनीच्या सपोर्ट पानावर टाकला की फक्त तुमच्या मशीनचे ड्रायव्हर समोर येतात. सेकंडहँड मशीनलाही हे चालतं, बिल लागत नाही. लॅपटॉप असेल तर टचपॅड, आवाज, वायफाय यांचे ड्रायव्हर शक्यतो इथूनच घ्या, कारण कंपनी त्यात आपल्या मॉडेलपुरते बदल करते. ग्राफिक्स कार्ड वेगळं बसवलं असेल तर मात्र एनव्हिडिया, एएमडी किंवा इंटेलची साइट.

तिसरी जागा नाही.

साइटचं नाव ब्राउझरमध्ये स्वतः टाइप करा. गुगलवर शोधायचंच असेल तर स्पॉन्सर्ड लिहिलेले निकाल ओलांडून खाली जा. ड्रायव्हर फुकटच असतो. ड्रायव्हरसाठी कुणी पैसे मागितले की तिथून उठायचं.

‘अननोन डिव्हाइस’ असं लिहून आलं आणि भाग कोणता तेच कळत नसेल तर? त्याच्या प्रॉपर्टीजमध्ये डिटेल्स टॅबवर ‘हार्डवेअर आयडीज’ निवडा. एक लांबलचक ओळ दिसेल. मदरबोर्डवरच्या किंवा आत बसवलेल्या कार्डांच्या ओळीत ‘व्हीईएन’च्या पुढची चार चिन्हं म्हणजे कंपनी आणि ‘डीईव्ही’च्या पुढची चार म्हणजे नेमका भाग. यूएसबी वस्तूंना ‘व्हीआयडी’ आणि ‘पीआयडी’ असतं. ८०८६ दिसलं की इंटेल. आपल्या गाजलेल्या प्रोसेसरचा नंबरच इंटेलने ओळख म्हणून घेतलाय. ही ओळ कॉपी करून शोधली की भागाचं नाव कळतं. ड्रायव्हर मात्र त्या निकालांतून उतरवायचा नाही. नाव कळलं की परत कंपनीच्या साइटवर जायचं.

नेटचाच ड्रायव्हर नसेल तेव्हा

विंडोज नव्याने टाकली, वायफाय दिसत नाही. ड्रायव्हर हवा तर नेट हवं, नेट हवं तर ड्रायव्हर हवा. यात लोक अडकतात आणि मशीन उचलून दुकानात नेतात. उत्तर तुमच्या खिशात आहे. फोन चार्जिंगच्या केबलने कॉम्प्युटरला जोडा आणि फोनच्या हॉटस्पॉट सेटिंगमध्ये ‘यूएसबी टेदरिंग’ चालू करा. अँड्रॉइड फोन अशा वेळी स्वतःच नेटवर्क कार्ड असल्यासारखा वागतो आणि त्याचा ड्रायव्हर विंडोजमध्ये आधीपासून असतो. केबल फक्त चार्जिंगची नको, डेटा जाणारी हवी. जोडल्या जोडल्या सेटिंग्जमध्ये ते कनेक्शन ‘मीटर्ड’ करून टाका, नाहीतर विंडोज मागे साठलेले सगळे अपडेट ओढायला लागेल आणि दिवसाचा डेटा अर्ध्या तासात संपेल.

काही स्वस्त वायफाय डोंगल लावल्यावर आधी सीडी ड्राइव्हसारखे दिसतात. ते बिघडलेले नसतात. त्या खोट्या सीडीत त्यांचा ड्रायव्हरच ठेवलेला असतो, तो टाकला की डोंगल आपलं खरं रूप घेतो.

प्रिंटर, म्हणजे वेगळंच प्रकरण

झेरॉक्सच्या दुकानात बघा, कॅननचा एलबीपी २९०० नाहीतर एचपीचा लेझरजेट १०२० हमखास दिसेल. वीसेक वर्षांपूर्वीची ही मॉडेल्स अजून धडधडतायत, आणि घराघरांतही पोचलीत. हे प्रिंटर स्वस्त का होते? कारण त्यांच्यात डोकं कमी ठेवलंय. पान कसं छापायचं याचं गणित प्रिंटर करत नाही, कॉम्प्युटरमधला ड्रायव्हर करतो. एचपी १०२० तर दर वेळी चालू केल्यावर आपला चालायचा प्रोग्रामसुद्धा कॉम्प्युटरकडून मागून घेतो. असल्या प्रिंटरला सर्वसाधारण ड्रायव्हर चालत नाही. कंपनीचाच लागतो, आणि तुमच्या विंडोजला जुळणारा.

नव्या प्रिंटरांची गोष्ट वेगळी. ते ठरलेल्या नियमांनी बोलतात, त्यामुळे विंडोजचा एकच ड्रायव्हर त्यांना पुरतो. फोनवरून थेट प्रिंट निघते तीही यामुळेच. मायक्रोसॉफ्टने सप्टेंबर २०२३ मध्ये जाहीर केलं की प्रिंटर कंपन्यांचे वेगळे ड्रायव्हर विंडोज अपडेटमधून देणं ती टप्प्याटप्प्याने थांबवणार आहे. २०२१ मध्ये विंडोजच्या प्रिंटिंग यंत्रणेत ‘प्रिंटनाइटमेअर’ नावाची मोठी सुरक्षा-फट सापडली होती. तेव्हापासून प्रिंटरचा ड्रायव्हर टाकायला ॲडमिनचे अधिकारही लागतात. घरी जुना प्रिंटर असेल तर कंपनीच्या साइटवरून त्याचा ड्रायव्हर आजच उतरवून जपून ठेवा. साइटवर तो किती दिवस राहील, हे आपल्या हातात नाही.

बिघडलंच तर

नवा ड्रायव्हर टाकण्याआधी ‘क्रिएट अ रिस्टोअर पॉइंट’ शोधून एक पॉइंट बनवा. ही सोय बऱ्याच कॉम्प्युटरवर बंद असते, आधी चालू करावी लागते. टाकल्यावर बिघडलं तर डिव्हाइस मॅनेजरमध्ये त्या भागाच्या प्रॉपर्टीजमध्ये ड्रायव्हर टॅबवर ‘रोल बॅक ड्रायव्हर’ आहे. आधीचा ड्रायव्हर साठवलेला असेल तर तो परत येतो. हे बटण फिकट दिसलं तर मागचा ड्रायव्हर नाही असं समजा. एका वेळी एकच ड्रायव्हर बदला, मग कॉम्प्युटर रीस्टार्ट करा. पाच एकदम बदलले आणि बिघडलं, तर कुणामुळे बिघडलं ते शोधत बसावं लागेल.

एक गोष्ट ड्रायव्हरांच्याच यादीत दिसते पण ड्रायव्हर नसते: बायोस. कंपनीच्या साइटवर तीही ‘अपडेट’ म्हणून असते. बायोस मदरबोर्डवरच्या चिपमध्ये लिहिली जाते आणि लिहिताना मध्येच लाइट गेली तर कॉम्प्युटर सुरूच न होण्याची भीती असते. लोडशेडिंगच्या गावात डेस्कटॉपवर इन्व्हर्टर किंवा यूपीएस नसताना बायोसच्या वाटेला जाऊ नका. लॅपटॉप असेल तर चार्ज भरलेला आणि चार्जर लावलेला हवा.

आता विंडोज १०. तिचा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ला संपला. नोंदणी केली तर घरगुती वापरासाठी सुरक्षा अपडेट १३ ऑक्टोबर २०२६ पर्यंत मिळतात. आहेत ते ड्रायव्हर चालत राहतील, पण नवी उपकरणं हळूहळू विंडोज १०साठी ड्रायव्हर देणं बंद करतील. नवा वायफाय डोंगल किंवा वेबकॅम घेताना खोक्यावर विंडोज १० लिहिलंय का ते बघूनच घ्या. इंटेलच्या आठव्या पिढीच्या आधीचे बहुतेक सगळे प्रोसेसर विंडोज ११च्या अधिकृत यादीत नाहीत, आणि सेकंडहँड बाजारातली बरीच मशीन त्याच्या आधीची आहेत. जुगाड करून ११ टाकता येते, पण अशा मशीनला अपडेट मिळतीलच याची हमी मायक्रोसॉफ्ट देत नाही. सेकंडहँड घेत असाल तर दुकानात उभं राहूनच सर्व्हिस टॅग फोनवर कंपनीच्या साइटवर टाका आणि त्या मॉडेलचे विंडोज ११चे ड्रायव्हर दिलेत का ते बघा. दोन मिनिटं लागतात. आणि ड्रायव्हर दिलेले असतील तर वायफाय किंवा लॅनचा तिथल्या तिथे फोनमध्ये उतरवून घ्या, विंडोज टाकायची वेळ आली की तो सगळ्यात आधी लागतो.